‘समजते मले’ म्हटल्यावर पुढं काय? समानुभूतीचा दोन तासांचा वर्ग कसा घ्यावा

कापूसकोंड्या (धागाकर्ता)

राम राम मंडळी. पुढच्या महिन्यात चार गावांचा मिळून एक वर्ग घ्यायचा आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव, पोलीस पाटील, कृषी सहायक, जिल्हा परिषद शाळेचे दोन-तीन गुरुजी, असे वीस-पंचवीस जण येतील. वेळ दोन तास, त्यातच चहा. कागदावर विषय आहे ‘दैनंदिन जीवनात समानुभूती’.

या मंडळींकडे रोज कोणी ना कोणी अडलेलं माणूस येतं. पीक गेलेला कास्तकार, भांडून माहेरी आलेली पोरगी, पोट्टं शाळेत बसत नाही म्हणून आलेली माय. ‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पहा’ हे वाक्य त्यांनी दहा प्रशिक्षणांत ऐकलं आहे. ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी सांगत नाही. काय बोलावं, काय टाळावं, सराव कसा घ्यावा, कुठं फसतं? आणि मुळात हे शिकवून येते का, की ज्याला आहे त्याला आहे?

कृती सांगा. सुविचारांचे फोटो टाकणाऱ्याला चहा मिळणार नाही.

सांबारवडी

दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटं. सुरू व्हायला उशीर तीस, स्वागत-प्रास्ताविक वीस, शाल-श्रीफळ दहा, चहा पंचवीस. राहिली पस्तीस. बसवा त्यात समानुभूती.

शब्दवेल्हाळ

आधी शब्दाचं पाहू. ‘सहानुभूती’ या शब्दाचे तुकडे केले तर सह आणि अनुभूती, म्हणजे सोबत अनुभवणं. अर्थानं हाच शब्द नेमका होता. वापरून वापरून त्यात दया शिरली, वरच्या पायरीवरून खाली पाहणं आलं, म्हणून एम्पथीसाठी ‘समानुभूती’ घडवावा लागला. खुद्द इंग्रजी शब्दही फार जुना नाही. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञानं तो १९०९ मध्ये जर्मन ‘आइनफ्यूलुंग’वरून बेतला. त्या जर्मन शब्दाचा वापर आधी चित्र-शिल्प पाहण्याच्या संदर्भात व्हायचा, की पाहणारा त्या वस्तूत ‘शिरून’ अनुभवतो. माणसांच्या दुःखाकडे तो नंतर वळला.

काही जण ‘सहवेदना’ सुचवतात, पण त्यात फक्त वेदना येते. शेजाऱ्याच्या पोरीला नोकरी लागली तर तिचा आनंद तिच्या जागेवरून कळणं, हेही यातच मोडतं. आणि गावात तेच जास्त अवघड असतं.

धुरकरी

समानुभूती म्हटलं का अर्धे लोक वही बंद करतेत. आपल्याकडं शब्द हाय ना, ‘जाण’. ‘त्या माणसाले जाण हाय’ म्हणतेत. ‘जाण ठेव’ म्हणतेत. वर्गाचं नाव ‘जाण’ ठेवा, खर्च शून्य.

कापूसकोंड्या

नाव पक्कं. धुरकरीभाऊ, पहिला चहा तुमचा.

आकडेमोड

मूळ प्रश्न शिकवून येते का हा आहे, तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एक म्हणजे कळणं: समोरच्याला काय माहीत आहे, काय वाटतंय, याचा अंदाज. दुसरं म्हणजे भिडणं: त्याचं दुःख पाहून आपल्याला आत काहीतरी होणं. गोड बोलून फसवणाऱ्याकडे पहिलं भरपूर असतं, दुसरं नसतं. दुसऱ्याचं पाहून स्वतःच रडत बसणाऱ्याकडे दुसरं असतं, पहिलं कमी.

पहिलं वाढत्या वयात येतं, हे लहान मुलांवरच्या साध्या प्रयोगांतून दिसलं. त्यातला हा प्रकार १९८५ चा (बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ). सॅली नावाची बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अॅन नावाची दुसरी बाहुली ती गोटी काढून डब्यात लपवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठं शोधेल? साधारण चार वर्षांच्या आतलं पोर डबा दाखवतं, कारण गोटी डब्यात आहे हे त्याला स्वतःला माहीत आहे. सॅलीला ते माहीत नाही, हे त्याच्या डोक्यात येत नाही.

हसू नका, मोठे लोकही रोज डबाच दाखवतात. अर्जासोबत कोणता कागद लागतो हे खिडकीमागच्या माणसाला पाठ असतं आणि तिसऱ्यांदा परत आलेल्या बाईला तो म्हणतो, ‘एवढंही माहीत नाही का?’ तिला माहीत नसणार, हाच तर मुद्दा आहे.

वर्गात घ्यायला सोपं आहे. प्रत्येकानं आपल्या कामातल्या तीन गोष्टी लिहायच्या, ज्या आपल्याला रोजच्या झाल्यात आणि समोरच्याला पहिल्यांदाच कळतात. सातबारावरचा बोजा, लसीनंतरचा ताप, गटाच्या कर्जाचं घटतं व्याज. मग त्यातली एक शेजाऱ्याला अशी सांगायची की त्याला परत विचारावं लागू नये.

निंबोणी

आकडेमोड यांनी चांगली फोड केली. त्यात एक महत्त्वाचं जोडते. ‘त्याच्या जागी जाऊन कल्पना करा’ या सल्ल्यानं अंदाज सुधारतो का, हे तपासलं गेलं आहे. एयल, स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांचा निष्कर्ष मांडला: नुसती कल्पना केल्यानं समोरच्याचं मन अधिक अचूक कळत नाही. अचूकता वाढते ती त्याला विचारल्यानं. साधी गोष्ट, पण प्रशिक्षणं नेमकी उलटी चालतात. डोळे मिटा, कल्पना करा. डोळे उघडा आणि विचारा, असं पाहिजे.

विचारण्याची पद्धत आशाताईंच्या गृहभेटीला धरून सांगते.

बसण्यापासून सुरुवात. समोरचं माणूस जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर. त्यांनी खुर्ची आणून दिली तर ‘असू द्या, इथंच बरं’ म्हणून खाली बसावं. अगदी समोरासमोर बसू नये, थोडं तिरकं बसावं. रजिस्टर पिशवीत. रजिस्टर उघडलं की माणूस माहिती देतं, बोलत नाही.

पहिला प्रश्न ‘कसं काय, बरं हाय ना?’ हा नको. त्याचं उत्तर गावात एकच असतं: ‘बरं हाय.’ त्याऐवजी दिसणारी, मोजता येणारी गोष्ट विचारा. ‘रात्री झोप लागते काय?’ ‘दोन दिवसांत जेवण बरोबर झालं काय?’ ‘वावरात जाणं होते काय?’ याची उत्तरं खरी येतात, आणि पुढचं दार तिथूनच उघडतं.

मग थांबा. मनात सातपर्यंत मोजा, सावकाश. बहुतेक ऐकणारे तिसऱ्या आकड्यालाच बोलून टाकतात. खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

नंतर ऐकलेलं आपल्या शब्दांत परत द्या आणि तपासून घ्या. ‘म्हणजे पैशापेक्षा भाऊ असं बोलला हे जास्त लागलं, असं हाय काय?’ चुकलं तरी बिघडत नाही. समोरचं माणूस ‘नाही, तसं नाही’ म्हणून दुरुस्त करतं, आणि ती दुरुस्तीच सगळ्यात मोलाची. कार्ल रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर समुपदेशनात जे मांडलं, त्याचा गाभा हाच आहे: त्याचं जग जणू आपलंच आहे असं पाहायचं, पण ‘जणू’ सुटू द्यायचं नाही.

शेवटी विचारा: ‘फक्त ऐकू, की काही उपाय शोधू?’ हा एक प्रश्न निम्मी भांडणं वाचवतो. नवरा-बायकोंतलीसुद्धा.

रिकामा_पारावरचा

शेवटच्या ओळीवर +१. घरी प्रयोग करायला हवा. ‘फक्त ऐकू की उपाय शोधू’ असं विचारल्यावर ‘आधी गॅस बंद करा’ असं उत्तर आलं तर पुढं काय करायचं, तेही सांगा.

निंबोणी

गॅस बंद करा. आणि ऐकलेलं परत द्या: ‘म्हणजे गॅस बंद करू, असं हाय काय?’

पांढरी_साडी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाजूनं एक आकडा. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतल्या डॉक्टर-रुग्ण भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलले होते. चारातल्या जेमतेम एका रुग्णाला आपलं सुरुवातीचं सांगणं पूर्ण करता आलं.

आपल्याकडं बाई ‘कंबर दुखते’ म्हणून येते. पहिली तक्रार बहुतेक वेळा दार ठोठावण्यापुरती असते. कंबर, मग थकवा, मग झोप नाही, आणि उठता उठता, चप्पल घालताना, नवऱ्याच्या दारूचं निघतं. म्हणून ‘अजून काही?’ हा प्रश्न चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचा, नंतर नाही. चिठ्ठी फाडली की भेट संपली हे रुग्णाला कळतं.

तिफण

वर्गात उदाहरणं बाहेरची घेऊ नका. कापूस वेचणीचं घ्या, सगळ्यांना कळते.

मालक म्हणते, बाया सकाळी दवातच वेचाले लागतेत, ओला कापूस वजनाले जास्त भरते, किलोमागं मजुरी असल्यानं मुद्दाम करतेत. बाया म्हणतेत, मालक ऊन चढल्यावर बोलावते, त्याले सावलीत बसून काय जाते. आता दोघांच्या जागा पाहा. मालकाले कापूस सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर न्यायचा असते. तिथं ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. परत म्हणजे भाडं अंगावर आणि व्यापारी सांगेल तो भाव. बाईच्या बाजूनं पाहिलं तर तिचा दिवस चार-साडेचारला सुरू झालेला, सयपाक करून निघालेली. दुपारी उन्हात हाताचा वेग पडते, आणि वेग पडला की मजुरी पडते. संध्याकाळी पोर घरी यायच्या आत तिला पोहोचायचं असते. चोर कोणीच नाही. दोघांचं घड्याळ वेगळं हाय.

हे दोन चिठ्ठ्यांवर लिहा. मालक असलेल्याला बाईची चिठ्ठी द्या, मजुरीला जाणारीला मालकाची. प्रत्येकानं समोरच्याची बाजू एवढी नीट मांडायची की तो म्हणाला पाहिजे, ‘हो, माझं असंच हाय.’ तो म्हणेपर्यंत सुटका नाही. तोडगा त्याच्यानंतर काढा. ओला वेचा वेगळ्या गाठोड्यात बांधून आधी वाळवणे, किंवा किलोऐवजी रोजानं मजुरी देणे, असं काहीतरी तेच लोक काढतेत.

धुरकरी

मस्त. पण तिफणभाऊ, मालकाले बाईची चिठ्ठी वाचता येईन. बाईले मालकाची चिठ्ठी पाठच हाय, ती रोजच त्याच्या तोंडाकडं पाहून दिवस काढते. खालच्याले वरच्याची जाण ठेवाच लागते, नाही तर काम जाते. वरच्याले गरज नसते. म्हणून वर्ग घ्यायचा तर आधी वरच्यायचा घ्या.

निंबोणी

धुरकरी, हे फार नेमकं आहे. सत्तेतल्या माणसाला अंदाज घेण्याची गरजच पडत नाही, म्हणून त्याची सवय मोडते. कापूसकोंड्या, चिठ्ठ्या वाटताना हे लक्षात ठेवा. सासूला सुनेची चिठ्ठी, पाटलाला सालगड्याची, गुरुजींना शेवटच्या बाकावरच्या पोराची. उलट दिशेच्या चिठ्ठ्या कमी ठेवल्या तरी चालतील.

तिफण

सालगड्यावरून आठवलं. गुढीपाडव्याला साल ठरते तेव्हा पैसा, धान्य, कपडे याचा हिशेब होते. आजारपणाचे दिवस किती, पोरीच्या लग्नाला उचल किती, हे बोलायचं राहून जाते आणि वर्षभर त्यावरच कुरबुर होते. पाडव्यालाच विचारून घ्या, ‘या साली घरात काय काय काम निघणार हाय?’ जाण म्हणजे काही फक्त दुःखात धावून जाणे नाही.

सांबारवडी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जू जिथं घासते तोच खांदा तूप-हळद लावून शेकायचा आणि कानात सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ म्हणजे वर्षभर भार नेमका कुठं पडते हे कोणीतरी पाहिलं होतं. सालगड्याचा खांदा कधी शेकायचा, ते पंचांगात लिहिलं नाही म्हणून राहून गेलं असन.

शब्दवेल्हाळ

टाळ्या. हे उदाहरण वर्गात सगळ्यात आधी घ्या. ‘भार नेमका कुठं पडतो?’ हा प्रश्नच मुळात विषयाची व्याख्या आहे.

आकडेमोड

फवारणीचा सराव सुचवतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा सगळीकडे एकच वाक्य फिरत होतं, ‘मजूर संरक्षक किट घालत नाहीत.’ त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे नळी वर धरून मारायचं आणि तुषार तोंडावर. पंप १५-१६ लिटरचा, भरल्यावर पाठीवर तेवढेच किलो, वर पंपाचं वजन. ढग गेले की उकाडा असा की प्लास्टिकचा अंगरखा दहा मिनिटांत आतून ओला. आणि मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपावर, म्हणजे थांबला की तोटा.

सरावासाठी नवा कोरा पंप आणा, कधीही औषध न भरलेला. जुना धुऊन आणू नका, धुतला तरी नको. साधं पाणी भरून, रेनकोट आणि मास्क घालून, आवारात पाच मिनिटं एका जणानं चालायचं. बाकीच्यांनी घड्याळ पाहायचं. रक्तदाबवाल्याला आणि गरोदर बाईला देऊ नका.

निंबोणी

इथं थोडा विरोध नोंदवते. अशा नकली अनुभवाचा एक धोका आहे. अंधत्वाची नक्कल करायला लावलेल्या लोकांवर अभ्यास झाला आहे (सिल्वरमन, २०१५). डोळ्यांवर पट्टी बांधून फिरलेल्यांना अंध माणसं प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा कमी समर्थ वाटायला लागली. कारण त्यांना फक्त पहिल्या पाच मिनिटांची धांदल कळली, वर्षांच्या सरावानं आलेलं कसब कळलं नाही. पंप घेऊन पाच मिनिटं चाललेला कृषी सहायक ‘मला कळलं’ म्हणून परत जाईल, तेच नको आहे.

आकडेमोड

मान्य. मग पंपानंतर लगेच फवारणी करणारा एक जण समोर बसवा आणि तीनच प्रश्न विचारू द्या. किट कुठं अडते? काय असतं तर घातलं असतं? आम्ही सांगतो त्यातलं काय बिनकामाचं असते? उत्तरं फळ्यावर त्याच्याच शब्दांत, सुधारून नाही.

निंबोणी

आता जमलं. त्याला त्या दिवसाची मजुरीही द्या. रोज बुडवून शिकवायला येणार तो.

मोहफूल

मेळघाटातल्या गुरुजींसाठी. धारणी-चिखलदऱ्याकडं पहिलीतलं पोर वर्गात गप्प बसलं की वहीत ‘मंद’ असा शेरा पडतो. पोर घरी कोरकू बोलतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्याला पहिल्या दिवसापासून परक्या भाषेत प्रश्न विचारला जातोय. गुरुजींनी पहिल्या आठवड्यात वीस शब्द शिकावेत आणि ते मुलांकडूनच शिकावेत: पाणी, भूक, दुखतंय, बाहेर जायचंय, आई, कळलं नाही. ‘कळलं नाही’ हा सगळ्यात आधी. गुरुजींचा उच्चार चुकला की पोरं हसतात. हसू द्या. चुकणं म्हणजे काय असतं हे गुरुजींना त्या मिनिटात कळतं, आणि पोरांना कळतं की इथं चुकलं तर चालतं.

रिकामा_पारावरचा

इतका वेळ गुपचूप वाचत होतो. एक शंका. गावात जाण कमी आहे असं गृहीत कशाला? मौत झाली की सयपाक शेजारून येतो, लग्नात मांडव गाव घालतं. वर्ग शहरात घ्या.

धुरकरी

भाऊ, मौतीत सयपाक येते, ते खरं. पण तेराव्यानंतर कोण येते? आन सयपाक घेऊन येणारी बाई दारातच काय बोलते ते पण आयक. ‘तुले तं म्हटलंच व्हतं, तिकडं नेऊ नको म्हणून.’ ‘तुमचं तं एकच गेलं, तिच्या घरचे दोन गेले.’ ‘रडू नको, पोरायकडं पाय.’ डब्यासोबत हेही येते.

निंबोणी

धुरकरींनी यादी सुरू केलीच आहे, तर हे प्रकार ओळखायला शिकवा. पहिला, तुलना: ‘तिचं तर याहून वाईट.’ दुसरा, हिशेब: ‘म्हटलं होतं ना.’ तिसरा, घाईचा पडदा: ‘जाऊ दे आता, होते असं.’ चौथा फार साळसूद असतो, आपलीच गोष्ट सुरू करणं: ‘मलेही असंच झालं व्हतं…’ आणि मग दहा मिनिटं आपलं. हे सगळे बोलणाऱ्याची अस्वस्थता कमी करतात. ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

बोलायला सुचत नसेल तर ‘काय बोलू सुचत नाही, पण बसतो थोडा वेळ’ हे चालतं. आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, दुःखातलं माणूस सांगत नसतं. नेमकं बोला: ‘उद्या गाईचं दूध मी काढतो.’ ‘सोमवारी तहसीलला कागद घेऊन मी येतो सोबत.’

तेराव्यानंतरचा मुद्दा खरा आहे. आशाताईंच्या वहीत पुढच्या तारखा आधीच लिहून ठेवा: महिन्यानं, तीन महिन्यांनी, पहिल्या पोळ्याला, पहिल्या दिवाळीला.

तिफण

गारपिटीलाही हेच. पाहाले पन्नास जण येतेत, फोटो काढतेत. पीक विम्यात स्थानिक आपत्तीचं कलम त्या हंगामाले लागू असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. नियम बदलत राहतेत, म्हणून त्या सालचे आधी पाहून ठेवा. वावर पाहून सुन्न झालेल्या माणसाले तास मोजणं सुचत नाही. त्या दिवशी त्याच्या जवळ बसून फोनवर ती सूचना भरून देणारा एक पोट्टा पन्नास पाहुण्यांपेक्षा कामाचा.

पांढरी_साडी

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वर्गात हा प्रश्न येणारच. कोणी ‘आता जगून काय करू’ असं बोललं तर? बहुतेक जण विषय बदलतात, कारण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल असं वाटतं. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. सरळ, शांतपणे विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो काय?’ हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका, पोराबाळांची आठवण देऊन लाजवू नका. ‘सांगितलं ते बरं केलं’ म्हणा. किती दिवसांपासून, काही ठरवलं आहे काय, घरात फवारणीच्या औषधाचे डबे आहेत काय, हे विचारा. डबे घरातून हलवून दुसऱ्याकडे ठेवायला लावा, नुसतं कुलूप पुरत नाही. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. आपल्याच फोनवरून लावून द्या, सोबत बसा, आणि आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही.

गावातल्या साध्या माणसांना हे जमतं का, अशी शंका असेल तर अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ कार्यक्रम पाहा. ३० गावांत स्थानिक लोकांनाच तयार करून घरोघरी, गटागटांत बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं आहे.

सांबारवडी

यावर विनोद नाही. नंबर वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुसू नका.

मोहफूल

आशाताईंचंही पाहा. एक आशा साधारण हजार लोकसंख्येला. रोज दहा घरांचं दुःख ऐकून घरी गेल्यावर स्वतःच्या पोरावर खेकसते. तिची जाण कमी झाली नाही, ती भरून वाहिली आहे. यावर काही?

निंबोणी

आहे. तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत हाच फरक दिसला. नुसतं दुसऱ्याचं दुःख आपल्यात ओढून घ्यायचा सराव केला की त्रास वाढतो. त्याच्यासाठी काही बरं व्हावं, करावं, या बाजूला मन वळवायचा सराव केला की तोच प्रसंग पेलवतो. व्यवहारात तीन गोष्टी. भेट संपवताना आपण काय करणार आणि कधी, हे एका वाक्यात सांगायचं आणि वहीत लिहायचं, म्हणजे ते डोक्यात फिरत राहत नाही. दोन जड भेटी पाठोपाठ ठेवायच्या नाहीत, मध्ये लसीकरणाची यादी वगैरे साधं काम. आणि आठवड्यातून एकदा दोन आशाताईंनी एकमेकींचं अर्धा तास ऐकायचं, नावं न घेता.

आकडेमोड

घाईचं राहिलं. डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग. प्रिन्स्टनमधले धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला चालले होते. वाटेत दारात एक माणूस कण्हत पडलेला, तो प्रयोगाचाच भाग. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, बेताची घाई असलेल्यांपैकी ४५, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १०. काही जणांच्या भाषणाचा विषयच ‘वाटेत पडलेल्याला मदत करणारा’ हा होता, त्यानं फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘शिकवून येते का’ याचं अर्धं उत्तर असं की आलं तरी घाईत निघून जातं. ज्यांच्या दिवसाला चार रजिस्टरं भरायची आहेत, त्यांच्याकडून जाण मागायची असेल तर एक रजिस्टर कमी करा, असा ठराव वर्गातून वर पाठवा.

धुरकरी

रजिस्टर कमी करा म्हणाले तं वरून ‘जाण नोंदवही’ येईन, पाच प्रतीत.

कापूसकोंड्या

मंडळी, पोतं भरलं. असा आराखडा केला आहे, चुका काढा.

स्वागत, शाल, नारळ रद्द. पहिली दहा मिनिटं खांदेमळणी आणि एकच प्रश्न: तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचा भार नेमका कुठं पडतो? पुढं पंचवीस मिनिटं उलट चिठ्ठ्या, कापसाची आणि सालगड्याची. मग वीस मिनिटं पंप आणि फवारणीवाल्या भाऊंना तीन प्रश्न, मजुरीसह. चहा दहा मिनिटं. मग पस्तीस मिनिटं तिघा-तिघांचे गट. एक बोलेल, एक ऐकेल, एक पाहील, चार-चार मिनिटं आणि जागा बदल. पाहणाऱ्याच्या हातात मूठभर चिंचोके. ऐकणाऱ्यानं मध्ये तोडलं, सल्ला दिला, तुलना केली, आपलं सुरू केलं, की त्याच्यासमोर एक चिंचोका. शेवटची वीस मिनिटं पांढरी_साडी यांचा भाग आणि वहीतल्या तारखा.

पांढरी_साडी

तिघांच्या सरावात खरं, मोठं दुःख काढू देऊ नका. ‘या आठवड्यात चिडचिड झाली असं काहीतरी’ एवढ्यावरच ठेवा. कोणाचं जुनं उघडलं आणि घड्याळात चार मिनिटं संपली, तर ते तसंच उघडं राहतं. आणि माझा भाग शेवटी नको, लोक चपला शोधत असतात. चहाच्या आधी घ्या, म्हणजे ज्याला एकट्यानं येऊन विचारायचं असेल तो चहात विचारेल.

तिफण

तारीख कोणती? सोयाबीन सोंगणीत ठेवली तर येतील ते फक्त गुरुजी.

कापूसकोंड्या

अरे हो. ठेवली होती नेमकी सोंगणीतच. पंधरा दिवस पुढं ढकलतो. बाजाराचा वार सोडून, सकाळी अकराऐवजी दुपारी दोनला.

धुरकरी

दोनले नको, वेचणीच्या बाया पाचच्या आत मोकळ्या होत नाही. तुम्ही ठरवून रायले, त्यायले इचारलं काय?

कापूसकोंड्या

नाही विचारलं. माझ्यासमोर एक चिंचोका ठेवा. उद्या बचत गटाच्या बैठकीत जाऊन विचारतो, मग तारीख इथं टाकतो.

सांबारवडी

चिंचोके जास्तीचे आणा.